गुरुवारचे टॉवेल

“गोळी देते, पण आधी गुरुवार सोडा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नोकरी सोडा म्हणाल्या असत्या, तरी सोकजून एवढा दचकला नसता. कोरियातल्या चांगवन शहरात यंत्रांच्या कारखान्यात तो खरेदी विभागात होता. दर गुरुवारी संध्याकाळी विभागप्रमुख क्वाकसाहेब सगळ्यांना पोर्कच्या खानावळीत नेत. साहेब धरून सहा जण. साहेबांनी भरलेला सोजूचा, म्हणजे तिथल्या दारूचा, पेला नाकारणारा माणूस त्या विभागात अजून जन्माला यायचा होता.

“वय त्रेचाळीस आणि पोट हे एवढं. दिवसाला वीस सिगारेटी, झोपताना नूडल्स, चालणं लिफ्टपर्यंत,” बाई म्हणाल्या. “रक्ताच्या नळ्या अरुंद होतायत. त्यातली बारीक नळी कुठे असते, सांगू?”

“नको. कळलं.”

“तिथे आधी कळतं, हृदयात नंतर. वेळेवर आलात.”

पण घरी वेळ टळत चालली होती. बायको मीरान वर्षभर दुसऱ्या खोलीत झोपत होती. “मी नकोशी झाले असेन तर सरळ सांगा ना,” एकदा ती म्हणाली. सोकजूनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला हे सांगायचं तरी कसं? एवढं मात्र त्याला पक्कं कळलं, की असंच चाललं तर ती एक दिवस घरातूनही जाईल.

त्याने सिगारेटची पाकिटं फेकून दिली. पहाटे उठून घरामागचा डोंगर चढू लागला. पहिल्या आठवड्यात सत्तरीच्या आजीबाई त्याला मागे टाकून गेल्या, वर “हळू रे बाळा” म्हणाल्या. डब्यात बार्लीचा भात, मासळी आणि पालेभाजी आली. रात्रीच्या नूडल्स बंद झाल्या.

राहिला गुरुवार. तिथे त्याला अदबीनेच वाचवलं. वडीलधाऱ्यांसमोर प्यायचं तर तोंड बाजूला वळवायचं, पेल्यापुढे हाताचा आडोसा धरायचा, ही तिथली रीत. सोकजून तोंड वळवायचा, घोट घेतल्यासारखं करायचा आणि सोजू खानावळीने हात पुसायला दिलेल्या, मांडीवरच्या ओल्या टॉवेलात सोडायचा. साहेबांना तोंड वळवायची गरज नव्हती. ते छाती काढून पेला तोंडाला लावत, टॉवेलाने तोंड खसाखसा पुसत आणि गरजत, “पुढचा भरा! पुरुष आहात ना?”

बाकीचे चौघेही तोंड वळवून मान डोलावत. सोकजूनला त्यांच्या पोटांचं नवल वाटे. एवढी रिचवतात कुठे ही माणसं?

तिसऱ्या महिन्यात त्याला पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. आणि एका रविवारी सकाळी मीरान चादरी बदलायला त्याच्या खोलीत आली, ती बाहेर आलीच नाही. दुपार झाली तरी दार बंद होतं. सोकजूनला तर ढोल बडवत गल्लीभर फिरावंसं वाटत होतं. मग त्याने तिला सगळं सांगितलं.

मीरान हसली, मग रडली. “एवढं होतं तर बोलायचं नाही का हो? वर्षभर मी आरशाशी भांडले. आता लपवाछपवी बंद. कुणापाशीच नको.”

“साहेबांपाशीसुद्धा? या महिन्यात बढतीची यादी आहे.”

“साहेबांपाशीसुद्धा.”

त्या गुरुवारी साहेबांनी पहिला पेला भरला आणि सोकजून उठून उभा राहिला. आवाज खणखणीत निघाला.

“साहेब, मी पीत नाही. तीन महिने टॉवेलात ओततोय. नवरा म्हणून मी संपलो होतो. डॉक्टरांनी दारू सोडायला सांगितली, मी सोडली. आता ठणठणीत आहे. बढती गेली तर गेली.”

टेबलावरच्या शेगडीवरचं मांस करपायला लागलं, तरी उलटायला कुणाचा हात पुढे होईना. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला.

“तीन महिने माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीस?” ते ओरडले. “मावशी! इकडे या! आमच्यातला एक जण दर गुरुवारी टॉवेलात सोजू ओततो, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

खानावळवाल्या मावशी एप्रनला हात पुसत आल्या.

“एकच जण? अहो, तुमचे सहाच्या सहा टॉवेल मीच पिळते ना! त्यात सगळ्यांत जास्त सोजू तुमच्या टॉवेलातूनच निघते, साहेब.”