गाळलेलं कडवं

"शेवटचं कडवं आज गाळायचं," मॅनेजरसाहेब म्हणाले. "शेठजींबरोबर मुंबईचे पाहुणे आहेत. नुसती स्तुती कर. मागणं नको."

ज्योतीरामने मान हलवली. चौऱ्याहत्तर सालची खंडेनवमी होती आणि पिंपरीच्या त्या कारखान्यात सकाळपासून एकही मशीन सुरू झालं नव्हतं. पत्रा दाबणाऱ्या सात नंबरच्या प्रेसला झेंडूच्या माळा घातल्या होत्या, कपाळपट्टीवर आणि खालच्या लोखंडावर कुंकवाची पाच-पाच बोटं ओढली होती. मशीनची आरती ज्योतीरामने स्वतः रचलेली. दरवर्षी तोच म्हणायचा आणि शफी ढोलकी धरायचा.

दोन महिन्यांपूर्वी हा प्रेस एकदा खाली येऊन वर गेला आणि कुणी पेडलला पायही न लावता पुन्हा खाली आला. शफीच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. पाहुणे मोठी ऑर्डर द्यायला आले होते, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं आणि कळूही द्यायचं नव्हतं.

साहेबांनी शर्टाच्या खिशावर टिचकी मारली. "शफीच्या वॉचमनच्या नोकरीचा कागद हा. पाहुणे खुशीत गेटाबाहेर पडले की सही करतो. चुकून बोभाटा झाला तर कागद खिशातच राहील. समजलं ना?"

न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, इथे तर अडलेला शफी होता आणि पाय ज्योतीरामने धरायचे होते.

कागद न्यायला आलेला शफी मागे खांबाला टेकून उभा होता. उजवा हात पँटच्या खिशात. साहेबांचाच तसा हुकूम होता.

"कडवं गाळायला सांगितलंय," ज्योतीराम त्याच्याजवळ जाऊन पुटपुटला.

"मग गाळ की, राव. आमच्यातबी आधी हम्द असती, मग दुआ. आधी तारीफ, मग मागणं."

"आन् मागणंच काढून टाकलं तर?"

"तर तारीफ राहती." शफी जरासा हसला. "ऐकणाऱ्याला तेवढीच आवडती. जा, तुझी हसीनाभाभी कागदाची वाट बघत सकाळपासून गेटावर थांबलीय."

शेठजी पाहुण्यांना घेऊन आले. ढोलकी यंदा शफीऐवजी हिंदुरावकडे होती. त्याचा ठेका पहिल्या ओळीलाच लंगडला, पण ज्योतीरामने सूर सोडला नाही.

*जय जय यंत्रमाते, तुझा थोर महिमा,*
*पोलादाच्या बळाला तुझ्या नाही कुठे सीमा.*

गाता गाता त्याला आई आठवली. गावात देवीची साथ आली तेव्हा घरातली दोन लेकरं गेली होती आणि आई त्याच देवीची गाणी म्हणत उंबऱ्यात बसली होती. तक्रारीचा एक शब्द नाही. का, असं विचारलं तर म्हणाली होती, "ती ऐकती रं." तेव्हा त्याला आईचा राग आला होता. आज कळत होतं की माणसाने पहिलं स्तोत्र देणाऱ्याचं नसेल गायलं, नेणाऱ्याचंच गायलं असेल. आणि हे कळत असताना आपला आवाज इतका गोड लागावा, याची त्याला लाज वाटत होती.

शेवटचं कडवं आलं. त्याने ते गाळलं आणि तबक खाली ठेवलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी खिशातून कागद अर्धा बाहेर काढला आणि पेन शोधू लागले.

आता ज्याने त्याने आपापल्या मशीनला नमस्कार करायचा. वर्षातून हा एकच दिवस असा, की माणूस प्रेसच्या जबड्यात बिनघोर हात घालून खालच्या लोखंडाला हात टेकवतो आणि मग तो कपाळाला लावतो. सात नंबरवर शफीने सात वर्षं काढली होती. त्याला कुणी बोलावलं नाही, पण कुणी अडवायच्या आत तो पुढे झाला. उजवा हात खिशातच ठेवून वाकला आणि उरलेला डावा हात त्याने आत घातला.

मेन स्विच ज्योतीरामने स्वतः पाडला होता. फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवले होते. सगळं त्याला ठाऊक होतं. तरीही त्याच्या गळ्यातून आवाज फुटला, पूर्ण सुरात, पत्र्याच्या छपरापर्यंत गेलेला.

*घाम घे गं, झोप घे गं, घे गं दिवसरात्र,*
*हात तेवढे राख आई, हात तेवढे मात्र.*

ढोलकी केव्हाच थांबली होती.

"वा," एक पाहुणा म्हणाला. "हे तर सगळ्यात सुंदर कडवं. पण हातांचंच का मागता हो?"

सगळ्यांच्या नजरा आपसूक शफीच्या पँटच्या खिशाकडे वळल्या, आणि त्यांच्या मागोमाग पाहुण्याचीही. शेठजींनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, कागदाची नीट घडी केली आणि तो परत आत ठेवला.

ज्योतीराम माफी मागायला शफीजवळ गेला.

शफीने डाव्या हाताला लागलेलं कुंकू पँटला पुसलं.

"सूर मात्र झकास लागला, राव," तो म्हणाला आणि हसीनाला सांगायला गेटाकडे निघाला.