खाली गेलेली खुर्ची

आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे. उंचीने माझ्या खांद्याला लागत, पण ताठा मात्र छताला! दुकानातल्या उंच खुर्चीवर पाय दिवसभर लोंबकळायचे आणि संध्याकाळी सुजायचे. मी म्हणायचे, "अहो, ती खालीवर होणारी खुर्ची घ्या की." तर म्हणत, "खुर्ची खाली करून बसायला मी काय शाळेतलं पोर आहे?" शेवटपर्यंत माझं ऐकलं नाही.

ते गेल्यावर लेकाने ती जुनी खुर्ची काढली आणि माझ्या पाठीसाठी खालीवर होणारी आणली. मी ती माझ्या मापाने उंच करून ठेवते, तर रोज सकाळी पार तळाला गेलेली! सुनेला झापलं, "माझ्या खुर्चीशी कसले खेळ चालतात गं?"

"आई, शप्पथ, मी हातसुद्धा लावत नाही," ती म्हणाली. "आणि नुसता खटका ओढून ती खाली जातच नाही. वर माणूस बसलेला लागतो."

ती आत गेली. मी त्या रिकाम्या खुर्चीपाशी गेले आणि हळूच विचारलं,

 

"टेकले का हो एकदाचे पाय?"