पिवळा कापूस

डॉक्टरांनी छोट्या यंत्राचं टोक बाळाच्या कपाळाला टेकवलं. त्वचेचा रंग वाचून ते कावीळ किती आहे ते सांगायचं. पडद्यावर लाल आकडा उमटला.

"बराच वाढलाय. आजच निळ्या दिव्याखाली ठेवावं लागेल."

ऋजुता आपल्या बाळावर वाकली. परवाच तर पाचवी पुजली होती. आणि बाळाचे डोळे ती रोज उजेडात निरखायची, ते तर पांढरे होते!

डॉक्टर यंत्राचं टोक कापसाने पुसू लागले. कापूस पिवळा झाला. ऋजुता बघतच राहिली. मग तिने आईकडे वळून विचारलं, "आई, आज न्हाऊ घालताना काय लावलंस?"

"नेहमीचंच गं. डाळीचं पीठ, साय..." आईचा आवाज उतरला. "कपाळाला जरा हळद जास्त चोळली. लव जावी म्हणून."

डॉक्टरांनी तेलाच्या बोळ्याने कपाळ स्वच्छ पुसलं, यंत्र पुन्हा टेकवलं. आकडा हिरवा! खात्रीसाठी टाचेतून थेंबभर रक्त घेतलं. तेही ठीक निघालं.

"आजी, हजारो बाळं बघून शिकलंय हो हे यंत्र," डॉक्टर हसले. "पण त्यातल्या एकालाही तुमच्यासारखी आजी नसणार."

"मग शिकवा की त्याला!" आई फणकारली.

हसता हसता ऋजुताचे डोळे वाहू लागले. तिने बाळाला उचललं. कानामागे थोडी हळद पुसायची राहून गेली होती. तिने नेमके तिथेच ओठ टेकवले.