काचेवरचा डाग

थोरल्या जावेचा भाजीवाल्याच्या तराजूवरही विश्वास नव्हता, मग मॅमोग्राफीच्या नव्या मशीनवर कुठून बसणार? धाकटीचा गेल्या वर्षीचा, जुन्या मशीनवरचा फोटो स्वच्छ होता. आज पडद्यावर पांढरा ठिपका होता आणि धाकटी अंगावरचा गाऊन आवळून बसली होती. "जुन्याला दिसलं नाही ते यालाच बरं दिसलं?" थोरलीने विचारलं. "जुनं मशीन सपाट फोटो काढायचं, ताई. हे थर सुटे करून दाखवतं," टेक्निशियन म्हणाली. "मग डाग याच्याच काचेवर असणार. पुसा." काच पुसून, छाती पुन्हा काचेखाली दाबून फोटो काढला. ठिपका जागचा हलला नाही. "हे सगळ्यांनाच ठिपके चिकटवत असेल. माझा काढा, आत्ता कळेल." तिचीही तपासणी राहिलीच होती. थोरलीचा फोटो धुतल्या तांदळासारखा आला. तो पाहून तिचाच चेहरा उतरला. "पुन्हा काढा," ती म्हणाली, "नीट दाबलं नाहीत."