सगळ्यात लांब अक्षर

"हरेल त्यानं बाकावर उभं राहायचं आणि दम संपेपर्यंत 'गोऽऽल' ओरडायचं. भर गल्लीत," ब्लास म्हणाला.

"लागली पैज," सेफेरिना म्हणाली आणि गार तेरेरेचा पेला त्याच्या हातातून ओढून घेतला.

पैज अशी, की आजच्या फुटबॉल सामन्यात रेडिओवर शेवटची शिट्टी होईपर्यंत सगळ्यात लांब अक्षर कुठलं निघणार. आंब्याखाली ब्लासची भाची लिस कॉम्प्युटर मांडून बसली होती. तिला कॉलेजातून कोडं मिळालं होतं: मजकुरात एकच अक्षर सलग किती वेळा आलंय ते मोजणारा प्रोग्राम लिहा. पोरगी मामावर गेलेली. तिनं तो सरळ रेडिओला जोडला. रेडिओ बोलेल ते पडद्यावर उमटायचं. सूर लांबला की तेच अक्षर पुन्हा पुन्हा. कोणी गप्प बसलं की रिकामी जागा.

आणि रेडिओवर, मैदानाकडच्या केबिनमधून, बोलत होता अतानासिओ. सेफेरिनाचा नवरा. गल्लीच्या संघाच्या सामन्यांचं वर्णन चाळीस वर्षं तोच करायचा. त्याचा गोल इतका लांबायचा की बायका तेवढ्यात कपडे वाळत घालून यायच्या. पण आता छातीत घरघर होती. डॉक्टरांनी माइक सोडायला सांगितला होता. आजचा सामना शेवटचा.

"'ओ'च निघणार," सेफेरिना म्हणाली. "एक शेवटचा गोल तो ओरडल्याशिवाय खाली उतरायचा नाही."

"वहिनी, आधी गोल व्हायला तर हवा! गेल्या मोसमात एक तरी झाला का? 'र' निघेल बघा. कोणी पळालं की तुमचा म्हातारा 'कोर्रर्रर्रे' करतो ना, त्यातला."

"तो चिपा पाव कोंब तोंडात आणि गप्प बस."

दुपार पेंगत होती. उन्हात मैदानावर बघायला कुत्रंसुद्धा गेलं नव्हतं. सगळी गल्ली सावलीत, हॅमॉकात, अर्धवट झोपेत. अतानासिओचा आवाज प्रत्येक खिडकीतून एकदमच झिरपायचा. डोळे मिटले की वाटायचं, आंब्याची झाडंच बोलताहेत. पडद्यावर 'र'ची रांग हळूहळू लांबत होती. ब्लास मिशीत हसत होता.

"मारला," रेडिओ म्हणाला. "आत गेला..."

आणि थांबला.

गल्लीच्या टोकाला मैदान दिसत होतं. चेंडू खरंच जाळ्यात होता. पोरं नुसती एकमेकांकडे बघत उभी होती. आनंद कसा करतात तेच विसरली होती बहुतेक. सगळे रेडिओ मुके. पडद्यावर नुसती रिकामी जागा सरकत होती. कुठंतरी पिकला आंबा पडला.

सेफेरिनानं स्वतःच्याच छातीवर हात दाबून धरला. "सूर उचल रे," ती पुटपुटली. "उचल."

बऱ्याच वेळानं घराघरातल्या रेडिओंतून अतानासिओचा बारीकसा आवाज आला. "चाळीस वर्षं मीच ओरडतोय. आज तुम्ही ओरडा की. मी ऐकतो."

लिसनं पडदा वळवला. "रिकामी जागा सगळ्यांच्या पुढं गेली. दोघंही हरलात."

सेफेरिना तोवर बाकावर चढलीसुद्धा होती.

"अहो वहिनी, सामना अजून संपलाय कुठं!"

"मग काय, म्हाताऱ्याचा दम संपायची वाट बघू? त्याला आत्ता ऐकायचंय. चढ वर!"

ती ओरडली. ब्लासनंही बाकावर उडी मारून तिच्या सुरात सूर मिसळला. तिचा श्वास सरला तेव्हा त्याचा चालू होता. त्याचा सरत आला तसा समोरच्या हॅमॉकातून एक उठला, मग छपरावरून कोणी, मग मैदानातली पोरं. एकट्याचा दम केव्हातरी संपतो. गल्लीचा संपेना. तो गोल टोकाच्या केबिनमधल्या उघड्या माइकात शिरला आणि प्रत्येक खिडकीतून परत बाहेर आला.

पडद्यावर ओ, ओ, ओ. 'र' मागं पडला. मग ती लांबलचक रिकामी जागाही मागं पडली. तेवढ्यात शेवटची शिट्टी वाजली.

"मामा," लिस खालून ओरडली, "सेफेरिनाआजी जिंकल्या! तुम्ही एकटेच हरलात!"

ब्लासला तिला चांगलंच सुनावायचं होतं. पण तोंडात अजून 'ओ' होता, आणि तो मध्येच तोडणं त्याच्या जिवावर आलं.