बाकावर बसवलेली

“डोकं दुखतंय का गं?” आसावरीने विचारलं.

“का? काय झालं?” चैत्राली म्हणाली आणि हेल्मेटच्या जाळीतूनच पाणी प्यायली.

काय झालं ते आइस हॉकीच्या सगळ्या रिंकने पाहिलं होतं. समोरच्या टीममधल्या एका दांडगट पोरीने तिला कडेच्या फळ्यांवर आपटलं होतं. पण चैत्राली ताडकन उठली, जोरात खेळली आणि मगच बाकावर आली. आसावरीने स्कोअर विचारला. “टू-वन, आपण मागे,” चैत्राली म्हणाली. बरोबर होतं. आसावरीला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटून घ्यायचंच होतं, कारण समोरच्या बाकामागे हॅगन उभा होता.

हा हॅगन बारा वर्षांपूर्वी आसावरीचा कॉलेजातला कोच होता. कॉलेजची फायनल, शेवटचा पिरियड, वर नॅशनल टीमचे सिलेक्टर आलेले, आणि या गृहस्थाने तिला बाकावर बसवली ती बसवलीच. धडधाकट पोरगी, टीममधली सगळ्यात वेगवान. मला कोणी हातसुद्धा लावला नव्हता, हे ती आजही शपथेवर सांगते. टीम हरली. सिलेक्टर निघून गेले, त्यांचा पुन्हा फोन आला नाही. आसावरीचं खेळणं तिथेच संपलं. राग मात्र संपला नाही. तो तिने पोसला, वाढवला, आणि ओहायोतल्या डब्लिनमधली ही मुलींची टीम उभी केली तीही त्याच रागावर. हॅगन आता क्लीव्हलंडकडच्या मुलींना शिकवायचा. त्याला एकदा तरी फायनलमध्ये लोळवायचा, एवढंच तिचं ध्येय होतं.

आइस हॉकीत मॅच संपली की दोन्ही टीम रांगेने हात मिळवतात. मॅचमध्ये डोकी फुटली तरी हा रिवाज कोणी मोडत नाही. आसावरी मोडायची. हॅगनशी मॅच असली की ती असिस्टंटला पुढे करायची आणि स्वतः पाठ फिरवून उभी राहायची. तो मात्र दर वेळी रांगेच्या टोकाला रेंगाळायचा. त्या रेंगाळण्याचीसुद्धा तिला चीड यायची.

आज फायनल होती. शेवटचा पिरियड सुरू झाला होता. गोल मारला तर चैत्रालीच मारणार, हे आसावरीला ठाऊक होतं आणि त्या हॅगनलाही.

“कोच, स्कोअर काय आहे?” चैत्रालीने विचारलं.

“टू-वन.”

चैत्रालीने मान डोलावली. स्टिकला टेप नीट दाबली. मग पुन्हा वर बघून म्हणाली, “कोच, स्कोअर काय आहे?”

आसावरी तिच्यासमोर वाकली. तिने चैत्रालीच्या हनुवटीखालचा पट्टा सोडवला, हेल्मेट काढलं आणि स्वतःच्या हातात धरलं. “तू आज खेळणार नाहीस,” ती म्हणाली आणि तिने रिंकवरच्या डॉक्टरांना खूण केली.

एरवी गणपतीला घरी आली की ‘आसावरीताई, आसावरीताई’ करत मागे फिरणारी पोर. ती आता पिसाळली. हेल्मेट ओढू लागली. स्टँडमधून तिची आई मृणालिनी धावत खाली आली.

“आसावरी, अगं ती बोलतेय, चालतेय, तुला अजून काय हवंय? कॉलेजचे कोच आलेत तिला बघायला. त्या हॅगनवरचा राग माझ्या पोरीवर काढू नकोस.”

“राग माझा आहे, मृणालिनीताई. डोकं तिचं आहे. हेल्मेट मिळणार नाही.”

मॅच टू-वननेच गेली. हॅगनच्या पोरी एकमेकींच्या अंगावर उड्या मारत होत्या. आसावरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पुन्हा तोच माणूस आडवा आला, पुन्हा तिच्याच तोंडचा घास गेला, आणि या वेळी तो तिने स्वतःच्या हाताने दिला होता.

डॉक्टर चैत्रालीच्या डोळ्यांत टॉर्च मारत होते. ती रडत होती. “आय हेट यू, कोच. मी हे आयुष्यभर विसरणार नाही. मला कोणी हातसुद्धा लावला नव्हता.”

आसावरी जागच्या जागी थांबली. हे वाक्य तिचं होतं. जगात तिच्याशिवाय दुसरं कोणी ते बोलू शकेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

आसावरीचे बाबा, गिरीशकाका, दर मॅचला यायचे तसे चहाचा थर्मास घेऊन बाकाच्या दारापाशी आले होते.

“बाबा, त्या कॉलेजच्या फायनलमध्ये मी पडले होते?”

गिरीशकाकांनी थर्मासचं झाकण हळूहळू फिरवून बंद केलं. “सांगितलं होतं गं तुला. मी, तुझ्या आईने, डॉक्टरांनीसुद्धा. तू म्हणालीस, तुम्ही सगळे हॅगनला सामील आहात. दोन महिने घरी आली नाहीस. मग आम्ही तो विषयच सोडून दिला.”

“पण मला एवढंसुद्धा आठवत नाही.”

“कसं आठवेल? घरी येईपर्यंत गाडीत तू एकच विचारत होतीस, बाबा, आपण जिंकलो का? मी सांगायचो, हरलो. तू रडायचीस. रडून झालं की डोळे पुसायचीस आणि पुन्हा विचारायचीस, बाबा, आपण जिंकलो का?”

बर्फावरची रांग संपत आली होती. टोकाला हॅगन रेंगाळत उभा होता.

आसावरीने हातातलं हेल्मेट बाबांकडे दिलं आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली.