गल्ल्याजवळचं कार्ड

"पहिल्यांदाच घेताय?" वेंडेलने विचारलं.

"हो. सुट्टीच्या दिवशी कागदाला भोकं पाडायला," ती म्हणाली. "पण दांडगं हवं. आणि ऐन वेळी अडकणारं नको."

पन्नाशीची बाई. गडद निळा कोट, बाह्यांवर पांढरे केस चिकटलेले. वायोमिंगच्या या रस्त्यावर जानेवारीत अनोळखी गिऱ्हाईक सहसा फिरकत नाही. वेंडेलने काचेखालचं पंचेचाळीस कॅलिबरचं पिस्तूल काढून मऊ कापडावर ठेवलं आणि गल्ल्याजवळ चिकटवलेल्या कार्डाकडे नजर टाकली.

गिऱ्हाईक घाईत आहे का?

नव्हती. तिने हातमोजे काढले, घडी करून खिशात ठेवले.

ऑक्टोबरमध्ये एका सभ्य माणसाने याच काचेवरून वीस मिनिटांत पिस्तूल नेलं होतं. साफ कसं करायचं, एका शब्दाने विचारलं नव्हतं. दुपारी पोलीस आले ते फक्त पावती बघायला; त्याने स्वतःलाच गोळी घातली होती. असं गिऱ्हाईक आधीच ओळखता यावं म्हणून त्यानंतर दुकानदारांसाठी छापलेलं हे कार्ड आलं. वेंडेलला ते तोंडपाठ होतं. तरी तो दर वेळी वाचायचा. आणखी एक पावती त्याला नको होती.

"हे दणकट आहे," तो म्हणाला. "पण नवशिक्याने मूठ सैल धरली की अडकतं. रिव्हॉल्व्हर बघा. एक बार फुसका निघाला तर परत चाप ओढायचा, चक्र पुढे सरकतं. भांडण नाही."

"आणि धक्का?"

"जड घ्या, लांब नळीचं घ्या. वजनच धक्का खातं. चव्वेचाळीस मॅग्नमचं घेऊन त्यात चव्वेचाळीस स्पेशल गोळी घालायची, ती सौम्य असते. मॅग्नम उडवलीत तर पलीकडच्या घरात दात घासणारा माणूस ब्रश गिळेल."

ती हसली. वेंडेलला आपणही हसायला हवं होतं हे जरा उशिरा सुचलं.

तिने रिव्हॉल्व्हर उचललं. नळी भिंतीकडे, बोट चापाबाहेर. न सांगता चक्र उघडून सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली.

पहिल्यांदा घेणारी बाई असं करत नाही. खोटं बोलतेय. का बोलतेय?

जेवण, झोप ठीक आहे का? बोलता बोलता काढून घ्या.

"कॉफी घेणार? न्याहारी झाली असेल ना?"

"अंडी, बटाटे, सगळं झालं. तुमचं सँडविच मात्र तसंच पडलंय."

"कालचं आहे ते."

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तिथे अजून ऑक्टोबरच होता.

"घरी कोण असतं?" वेंडेलने विचारलं.

"भाऊ. आणि आता एक कुत्री. म्हातारी आहे, पण सोबत होते. तुमच्याकडे नाही कुत्रं?"

"होती. नेमबाजीच्या क्लबातल्या आर्लोला दिली. माझ्याच्याने फिरवणं होत नाही आता." त्याने फडताळातून बार उडवताना कान झाकायचे जुने हेडफोन काढले. "हे घेऊन जा. चांगले आहेत. पैसे नकोत, माझेच आहेत."

"मग तुम्हाला?"

"मला लागत नाहीत."

जवळच्या वस्तू देऊन टाकल्याचं

तेवढं वाचून त्याने नजर काढून घेतली. या बाईने काय देऊन टाकलंय हे कसं विचारायचं? ओळखीचं घर असतं तर गोष्ट वेगळी. या डोंगरात कुणाचे दिवस वाईट चालले की शेजारी जाऊन म्हणतो, बंदुका गंजल्यात रे, साफ करून आणतो. घेऊन जातो. बर्फ वितळलं की परत देतो. मध्ये कुणी एक अक्षर बोलत नाही. पण हिचे शेजारी कोण, त्याला काय माहीत?

"हे नको," तिने रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं. "तुम्ही स्वतः काय वापरता?"

"असंच एक. जुनं."

"दाखवा की."

"विकायचं नाही."

"तीस वर्षं न अडकलेलं असेल तर मला तेच हवं. कुठे असतं?"

"इथेच, गल्ल्याखाली." त्याने रिव्हॉल्व्हर उचलून परत काचेखाली ठेवलं. "बाई, स्पष्ट बोलतो. आज मी तुम्हाला काहीच विकत नाही. हवं तर रागवा. पुढच्या आठवड्यात या, मग बघू."

"पुढच्या आठवड्यात तुम्ही असाल?"

वेंडेलने गल्ल्याच्या कडेवर हात ठेवला.

"शनिवारपर्यंत ते क्लबच्या कपाटात होतं," ती हळूच म्हणाली. "आर्लोने कपाट उघडलं तर जागा रिकामी. तुम्ही तीन महिने शनिवारचे फिरकला नव्हता. नेमके कुणी नसताना येऊन गेलात."

"आर्लो तुमचा कोण?"

"भाऊ. मी कालच बिलिंग्जहून आले. तो म्हणाला, मला बघितलं की वेंडेल दाराला कडी लावेल. गिऱ्हाइकाला लावणार नाही." तिने बाहीवरचा एक पांढरा केस चिमटीत धरून काचेवर ठेवला. "तुमची रोझी दाराशी बसून असते हो. आत्ता गाडीत आहे."

मग तिने खिशातून घडी घातलेलं कार्ड काढून त्याच्यापुढे उलगडलं. तेच छापील कार्ड. सगळ्या प्रश्नांपुढे आर्लोच्या जाड पेन्सिलीच्या खुणा होत्या, आणि 'गिऱ्हाईक' हा शब्द खोडून त्या जागी वेंडेल लिहिलं होतं.

तिने गल्ल्यावरून उघडा तळहात पुढे केला.

"गंजलंय म्हणे तुमचं चव्वेचाळीस. साफ करून आणते."